लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचंय? खान्देशातून निघताना एवढं माहीत असू द्या

बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी घरात 'लँडस्केप आर्किटेक्चर' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. अण्णा ओट्यावर बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "पाच वरीस शिकीसन झाडेच लावशी का?"

प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अमळनेरच्या आसपास हे काम करणारं कुणी मला माहीत नव्हतं. पुढची सात वर्षं मी चाचपडत गेले. कुठला अभ्यासक्रम आधी, कुठला नंतर, कुठला कागद कधी काढायचा, हे सगळं उशिरा कळत गेलं. आता दर जून महिन्यात ओळखीपाळखीतून कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "पोरगी म्हणते लँडस्केप करायचंय, कसं करायचं?" त्या सगळ्यांसाठी हे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

१. आधी काम काय आहे ते बघून घ्या

इमारतीच्या भिंतीबाहेरची जी जमीन, तिची रचना करणं म्हणजे हे काम. चढ-उतार कुठे ठेवायचा, पावसाचं पाणी कुठून आणून कुठे मुरवायचं, माणसं कुठून चालतील, दुपारी तीन वाजता सावली कुठे पडेल, कोणतं झाड किती अंतरावर लावायचं, पायवाटेखाली काय भरायचं. झाडं हा त्यातला एक भाग. महत्त्वाचा आहे, पण एकच.

या व्यवसायाला हे नाव रूढ झालं ते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडमुळे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा त्याने कॅल्व्हर्ट वॉक्सबरोबर १८५८ मध्ये केला. आपल्याकडचं उदाहरण बघायचं तर दिल्लीची सुंदर नर्सरी बघा. हुमायूनच्या कबरीशेजारची सुमारे ९० एकरांची जागा मोहम्मद शहीर यांच्या आराखड्यातून घडली आणि २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पण दिल्लीला जाईपर्यंत थांबू नका. जळगावला जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेलं गांधी तीर्थ आहे. तिथे जाल तेव्हा फुलांचे फोटो नंतर काढा. आधी उतार कुठून कुठे जातो आणि त्यावर पडलेलं पाणी कुठे अडतं, ते चालत बघा. दोन तास तसं चालून कंटाळा आला नाही, तर पुढचं वाचा.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण यात अनेकांची वर्षं वाया जातात. कृषी पदवी घेऊन पुष्पशास्त्र आणि उद्यान सुशोभीकरण यात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतो आणि धुळ्याला कृषी महाविद्यालयही आहे. तो चांगला मार्ग आहे. त्यातून उद्यानतज्ज्ञ, रोपवाटिका चालवणारे, मोठ्या आवारांची देखभाल करणारे तयार होतात. पण 'लँडस्केप आर्किटेक्ट' व्हायचं तर आपल्या देशात मुख्य वाट एकच आहे: आधी पाच वर्षांची बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी), मग दोन वर्षांची लँडस्केपमधली एम.आर्क. (पदव्युत्तर पदवी). 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने बांधलेली आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी नसेल तर ती लावता येत नाही. सहा महिन्यांचा 'लँडस्केप डिझाइन' डिप्लोमा करून कुणी पाटी लावायला सांगत असेल, तर त्या फीचे पैसे घरीच राहू द्या.

२. अकरावीत गणित सोडू नका

आपल्याकडे विज्ञान शाखा घेतलेली निम्मी मुलं 'नीट'च्या नादाने जीवशास्त्र ठेवतात आणि गणित सोडतात. बी.आर्क.ला गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच. गणित सुटलं की बारावीनंतर हा दरवाजा बंद होतो. माझ्या मामेबहिणीचं हेच झालं. तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. डोंगर काढला तर सातपुडाच दिसायचा.

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका केली असेल आणि तिच्यात गणित असेल, तरीही बी.आर्क.ला अर्ज करता येतो. ही वाट फारशी कुणी सांगत नाही. तंत्रनिकेतनातल्या मुलांनी ती लक्षात ठेवावी.

३. प्रवेश परीक्षा: नाटा की जेईई?

शक्य असेल तर दोन्ही द्या.

नाटा ही वास्तुकला परिषदेची परीक्षा. सध्याच्या रचनेत ती २०० गुणांची आहे. ८० गुणांचा भाग कागदावर हाताने काढायचा, रंगसंगती, रेखाटन आणि हाताने करायची त्रिमितीय रचना असा. १२० गुणांचा भाग संगणकावर असतो. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांना राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतून प्रवेश मिळतो आणि गुणवत्ता यादीत बारावीचे गुण आणि अभिरुची परीक्षेचे (नाटासारख्या) गुण सारख्या वजनाने धरतात. म्हणून बारावी 'फक्त पास व्हायची' समजू नका.

जेईई मेनचा पेपर दोन-अ हा बी.आर्क.साठीचा आहे. नागपूरचं व्हीएनआयटी, भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर अशा केंद्रीय संस्थांना तोच लागतो. भोपाळ लांब वाटतं, पण भुसावळहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत.

चित्रकलेच्या तयारीसाठी महागडा क्लास नसला तरी चालतं. मी रोज एक चित्र काढायचे, बाजारातलं: लिंबांचा ढीग, रसवंतीचं चाक, बसस्थानकावरचे बाक. लोक हलत असतात, म्हणून हात भराभर चालायला लागतो. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा शाळेतच देऊन ठेवल्या असतील तर पाया तयार असतो.

४. कागदपत्रं: निकालाची वाट बघू नका

फेरी सुरू झाली की तहसीलच्या सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. निकालानंतरची गुणपत्रकं सोडून बाकी सगळ्याची तयारी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला
- नाटा किंवा जेईईचं गुणपत्रक
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात किंवा जमात वैधता प्रमाणपत्र
- लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- आधारशी जोडलेलं विद्यार्थ्याच्या नावाचं बँक खातं

यातला सगळ्यात मोठा सापळा वैधता प्रमाणपत्राचा. जातीचा दाखला हातात आहे म्हणजे काम झालं असं घरचे समजतात. वैधता वेगळी असते, तिला महिने लागतात, आजोबांच्या काळातले शाळेचे उतारे मागतात. नंदुरबार, चोपडा, यावल, साक्री या पट्ट्यातल्या मुलांनी अकरावीतच अर्ज टाकावा. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत बघा, ती ३१ मार्चला संपते आणि जूनमध्ये जुना दाखला चालत नाही.

फीचं दडपण घेऊन आधीच माघार घेऊ नका. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मागासवर्गीयांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता हे सगळं महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरून मिळतं. ज्यांच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत संस्थास्तरावर थेट घेतलेल्या जागेला लागू होत नाही. म्हणून कुणी "फेरीत कशाला थांबता, आत्ता पैसे भरा, जागा देतो" म्हणालं तर सही करू नका.

महाविद्यालय निवडताना एकच गोष्ट पक्की तपासा: त्या वर्षीची वास्तुकला परिषदेची मान्यता. तिथली पदवी मान्य नसेल तर पुढे नोंदणी होणार नाही.

५. बी.आर्क.ची पाच वर्षं

या पाच वर्षांत इमारतीच शिकायच्या आहेत. भिंत, तुळई, जिना, सांडपाणी, अंदाजपत्रक. "मला लँडस्केप करायचंय, हे कशाला?" असं पहिली दोन वर्षं मला वाटायचं. आज वाटत नाही. पाया किती खोल आहे हे कळत नसेल तर त्याच्यापासून वड किती लांब लावायचा हेही कळत नाही.

सामानात ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर किंवा मिनी ड्राफ्टर, गुण्या, पेनं, आणि गुंडाळीने बटर पेपर लागतो. लॅपटॉप पहिल्याच दिवशी घेऊ नका, दुसऱ्या वर्षापर्यंत हातानेच काढा. नंतर ऑटोकॅड आणि स्केचअप येतंच. क्यूजीआयएस मात्र कुणी शिकवो न शिकवो, स्वतः शिका. ते फुकट आहे आणि त्यावर गावाच्या उतारांचा, ओढ्यांचा नकाशा काढता येतो. पहिल्या वर्षी भाषेचा त्रासही होईल. इंग्रजीतून बोलायची वेळ आली की आपण गप्प बसतो. मी चित्र भिंतीला लावून त्यावर बोट ठेवत मराठीत बोलायला सुरुवात केली, आणि कुणी अडवलं नाही.

एक सत्र प्रत्यक्ष कार्यालयात प्रशिक्षणाचं असतं. ते लँडस्केपच्या कार्यालयात करायचा प्रयत्न करा. अर्ज सहा महिने आधी पाठवा, आणि सोबत दहा पानांत मावेल एवढंच काम जोडा.

६. जागा वाचायला शिका (यासाठी प्रवेश मिळायची वाट बघायची गरज नाही)

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथे आहे.

वर्गात जागेचं विश्लेषण शिकवतात तेव्हा इयान मॅकहार्गचं नाव येतं. त्याने एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे, माती, उतार, पाणी, झाडोरा, पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवायची पद्धत रुजवली. कुठे बांधायचं आणि कुठे हात लावायचा नाही, ते त्या थरांतून दिसतं. आमच्या वर्गातल्या शहरी मुलांना हे नवीन होतं. मला मात्र शेताचा बांध आठवत होता. कुठल्या लवणात पाणी साचतं, कुठल्या तुकड्यात मुरूम वर आलाय, कपाशी कुठे पिवळी पडते, हे अण्णा नकाशा न काढता सांगायचे. तुम्हीही हे घरी ऐकत आला असाल. ते 'अडाणी' म्हणून बाजूला ठेवू नका, कागदावर उतरवा.

एम.आर्क.च्या प्रबंधासाठी मी पांझरेवरची फड पद्धत निवडली. नदीवर ठिकठिकाणी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाचं पाणी फडांत. एका फडात एकच पीक, पाण्याच्या पाळ्या पाटकऱ्याच्या हाती. शेकडो वर्षं हे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने फिरत आलंय. साक्री तालुक्यातल्या एका पाटावर मी उभी होते आणि मला उतार दिसतच नव्हता. जमीन सपाट, पाणी मात्र चाललेलं. तिथल्या म्हाताऱ्या पाटकऱ्याने गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी मागवली, पाण्याने भरली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः तीस पावलं पुढे जाऊन बसला. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या खुणा जमिनीपासून मोजल्या, तर फरक निघाला जेमतेम दोन बोटांचा. त्या दोन बोटांवर अख्खा फड भिजत होता. त्या दिवशी दुपारभर आम्ही पाटाकाठी सरकत सरकत मोजत गेलो, आणि समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) म्हणजे काय हे मला पाच वर्षांच्या वर्गात कळलं नव्हतं तेवढं कळलं.

तुम्ही एवढं करा: तीस मीटरचा टेप, ती नळी आणि एक वही घ्या. शाळेचं मैदान, देवळाचं आवार किंवा घरामागचा खळा मोजा. उतार बाणाने दाखवा. प्रत्येक झाडाचा घेर आणि दुपारी तीनची सावली काढा. एक फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, दुसऱ्या दिवशी किती उरलं ते लिहा. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा हेच परत करा. ही वही पुढे प्रशिक्षणाच्या आणि एम.आर्क.च्या मुलाखतीत दाखवता येते. मी दाखवली होती. संगणकावरच्या चकचकीत चित्रांपेक्षा परीक्षक त्या वहीवर जास्त वेळ थांबले.

७. एम.आर्क. कुठे?

दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथली स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय इथे लँडस्केपमधलं पदव्युत्तर शिक्षण आहे. केंद्रीय संस्थांसाठी गेटचा आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर द्या, महाराष्ट्रासाठी सीईटी कक्षाची एम.आर्क.ची परीक्षा असते, सेप्टची प्रक्रिया स्वतंत्र आहे. अहमदाबाद आपल्याला पुण्याइतकंच सोयीचं आहे: ताप्ती लाइनने नंदुरबारहून सुरत, तिथून पुढे.

बी.आर्क. झाल्या झाल्या लगेच एम.आर्क.ला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक-दोन वर्षं साइटवर काढा. जेसीबीवाल्याला माती कुठे टाकायची हे एकदा उन्हात उभं राहून सांगितलेलं असलं, की वर्गातले प्रश्न वेगळे पडतात.

८. नोंदणी आणि पहिली नोकरी

बी.आर्क.नंतर लगेच वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करा. लँडस्केपसाठी आपल्याकडे वेगळी कायदेशीर नोंदणी नाही. २००३ मध्ये स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संस्था आहे, तिचं सदस्यत्व घ्या.

नोकऱ्या कार्यालयांत, बांधकाम कंपन्यांत, नगर नियोजनाच्या प्रकल्पांत मिळतात. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या प्रस्तावात झाडांचा आणि पावसाच्या पाण्याचा आराखडा द्यावा लागतो, आणि तो करायला आपली माणसं लागतात. शहरातलं झाड तोडण्याचा विषय आला तर १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा वाचलेला असू द्या.

सुरुवातीचा पगार कमी असतो. तो इंजिनिअर भावाशी तोलू नका. पहिल्या कार्यालयात तीन गोष्टी शिकायला मिळताहेत का ते बघा: ग्रेडिंगचा म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचा नकाशा, झाडांची यादी (शास्त्रीय नाव, उंची, अंतर यांसकट) आणि अंदाजपत्रक. नुसती रंगीत चित्रं करून घेत असतील तर वर्षभरात निघा.

९. परत येऊन खान्देशात काम करायचं असेल तर

मी आले. कामं आहेत: शाळा, दवाखाने, कारखान्यांची आवारं, एनए लेआउटमधल्या मोकळ्या जागा, तलावांचे काठ. पण पुण्याचा नकाशा इथे उतरवता येत नाही. हे मी नुकसान करून शिकले.

धुळ्याजवळच्या एका शाळेच्या आवारात माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. एप्रिलमध्ये पेव्हर ब्लॉकची वाट केली. खालची काळी माती तशीच ठेवली, वर थोडी कच टाकून ब्लॉक बसवले. तेव्हा जमिनीच्या भेगांत मनगटापर्यंत हात जात होता. ते बघूनही मला काही सुचलं नाही. जुलैत माती फुगली आणि वाट मधोमध उंटाच्या पाठीसारखी वर आली. हिवाळ्यात ती सुकून खाली बसली, कडा सुट्या झाल्या. त्याच आवारात कडुनिंबाच्या रोपांसाठी एक मीटरचे चौकोनी खड्डे घेतले होते. चिकण काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे हंडा. पाणी आत गेलं ते बाहेर पडलंच नाही आणि पोसलेली रोपं मुळापासून कुजली. चूक पूर्णपणे माझी होती. संस्थेचे पैसे गेले आणि मुलांनी आपल्या हाताने लावलेली झाडं गेली. त्यांना सांगायला मी वर्गात उभी राहिले होते.

तेव्हापासून वाटेखालची काळी माती काढून मुरूम थराथराने भरते आणि दाबून घेते, कडेने पाणी निघायला चर ठेवते. झाडं जिथे पाणी साचतं तिथे उंचवट्यावर लावते, खड्ड्याच्या बाजू टिकावाने फोडून घेते आणि एक बाजू चरात मोकळी सोडते.

झाडांची निवड करताना सातपुड्याच्या पायथ्याला एक फेरी मारा. अंजन, पळस, सालई, बहावा, मोह ही झाडं ४५ अंशांत उभी आहेत. अंजन सुरुवातीला वाढताना दिसत नाही, कारण ते आधी मूळ खोल उतरवतं. त्यामुळे पिशवीत फार दिवस अडकलेलं रोप घेण्यापेक्षा जागेवरच बी पेरलेलं बरं. नर्सरीत दिसणारी हिरवीगार मोठी झाडं पुष्कळदा आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीच्या दमट मुखाकडची ती झाडं इथल्या मेमध्ये थेट उघड्यावर लावली तर पानं करपतात. ती आणायचीच असतील तर जूनअखेर आणा आणि आधी काही आठवडे सावलीत, मग अर्ध्या उन्हात ठेवा. मोठ्या हिरवळीचा हट्ट धरणारे मालक भेटतील. त्यांना तेवढ्याच जागेत करंज आणि चिंचेची सावली काढून दाखवा, बहुतेक जण ऐकतात.

फीचा करार लेखीच करा, नातेवाईक असले तरी. टप्पे लिहा: मोजणी, प्राथमिक आराखडा, तपशीलवार नकाशे, साइटच्या भेटी. प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या टप्प्याला घ्या. ठेकेदार किंवा नर्सरीवाला कमिशन देऊ करेल, ते घेऊ नका. एकदा घेतलंत की मेलेलं रोप परत पाठवायचा अधिकार गेला.

आणि करारात पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी कोण घालणार, हे नावानिशी लिहून घ्या. हिशेब सोपा आहे. झाडामागे आठवड्याला २० लिटर धरले तर ३०० झाडांना ६,००० लिटर, म्हणजे मार्च ते जून दर आठवड्याला एक टँकर. हा आकडा पहिल्याच बैठकीत मालकासमोर ठेवा. तो ऐकून त्यांनी झाडं १५० वर आणली तर आणू द्या, नकाशा त्या १५० झाडांचा करा.